लेकीच्या ‘मारामारी’साठी मी हात वर का केला नाही



मुरंब्याची कृती पुढच्या वेळी. कैऱ्या किसून ठेवल्या आहेत, साखर मोजली आहे, पण मन भलतीकडेच अडकले आहे. ते आधी मोकळे करते.

गेल्या रविवारी स्वाध्यायानंतर आपल्या मंडळाची बैठक झाली. चातुर्मास तोंडावर आला की नियमांचा विषय निघतोच. कुणी हिरवी भाजी सोडते, कुणी रात्रीचे पाणी. या वेळी एका काकूंनी नवाच नियम मांडला. मुलांनी चार महिने मारामारीचे व्हिडिओ गेम बंद करायचे, आणि आयांनी त्यांना तो नियम घ्यायलाच लावायचा. भराभर हात वर झाले. माझा झाला नाही. काकूंनी सगळ्यांदेखत विचारले, “तुमचीच मुलगी ना ती, कॉलेज रोडला मुलांबरोबर मारामारीच्या स्पर्धा खेळायला जाते?” मी म्हटले, “हो, माझीच.” पुढे काय बोलावे ते तेव्हा सुचले नाही. घरी येऊन भांडी घासताना सगळे सुचले. ते लिहिते.

काकूंनी यशोधर राजाची कथा सांगितली होती, त्यामुळे सगळ्यांची तोंडे बंद झाली. कथा आपल्याला माहीत आहे. आईच्या आग्रहाखातर यशोधराने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. पिठात जीव नव्हता, पण कापताना मारण्याचा संकल्प होता, आणि तेवढ्यापायी मायलेक मोर, कुत्रा अशा योनींतून भटकत राहिले. मग पडद्यावरच्या बाहुल्याला बुक्क्या मारणारी मुले काय वेगळे करतात?

प्रश्न बिनतोड वाटतो. मलाही दोन दिवस झोप लागली नाही. पण कथा पुन्हा नीट आठवून पाहा. तिथे कोंबडा खोटा होता, मारण्याचा भाव मात्र खरा होता. प्राणी मारला की संकट टळेल असे राजाच्या आईला वाटत होते, आणि प्राण्याऐवजी पीठ चालते का, एवढीच पळवाट त्यांनी काढली. माझी लेक ‘टेकन’ खेळते तेव्हा तिच्या मनात काय असते? शेजारच्या खुर्चीवर सातपूरचा एक मुलगा बसलेला असतो, त्याला हरवायचे असते. हरवणे आणि मारणे एकच, असे म्हणायचे तर आपली अर्धी मराठी सोडावी लागेल. बुद्धिबळात आपण घोडा मारतो, कॅरममध्ये राणी मारतो, कबड्डीत गडी मरतो आणि पुन्हा जिवंतही होतो. तीर्थयात्रेच्या बसमध्ये पत्ते खेळताना गुलामावर हुकूम मारणाऱ्या आपल्यातल्याच वहिनी मला आठवतात. त्यांना मोराचा जन्म येईल असे कुणी म्हटलेले मी ऐकले नाही.

तरी सगळे गेम सारखे नसतात, हे मी मान्य करते. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नावाचा एक आहे. त्यात जिंकल्यावर हरलेल्याला फाडून दाखवतात, आणि तेच बक्षीस समजायचे. तो मी घरात येऊ दिला नाही. तिथे यशोधराची कथा लागू होते असेच माझे मत आहे, कारण तिथे जिंकून झाल्यावरही मारण्याची मजा घ्यायची असते. टेकनमध्ये, स्ट्रीट फायटरमध्ये पडलेला गडी पुढच्या फेरीला कपडे झटकून उभा राहतो. (टेकनची गोष्ट विचाराल तर बापाने मुलाला कड्यावरून फेकले, मुलाने मोठे होऊन बापाला फेकले, मग नातू उभा राहिला. ऐकताना मला कमठ आणि मरुभूतीचे वैरच आठवले. वैर भवोभवी कसे चालते ते शिकवायला एवढे पुरे.)

कथाच काढायच्या तर मला बाहुबलींची का काढू नये? माझे माहेर शिरोळ तालुक्यातले. लहानपणी कुंभोजच्या बाहुबलीला दर सुट्टीत जात असू. तिथल्या 28 फुटी मूर्तीच्या पायाशी बसून आजीने सांगितलेली गोष्ट अशी. भरत आणि बाहुबली दोघांची सैन्ये समोरासमोर उभी राहिली. मंत्र्यांनी विचार केला की भांडण दोन भावांचे आहे, मग हजारो माणसे कशाला मारायची? त्यांनी तीन स्पर्धा ठरवल्या, दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. कोणाची पापणी आधी लवते, कोण कोणावर पाणी उडवतो, कोण कोणाला उचलतो. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात हे आहे. रक्ताचा थेंब न सांडता, नियम ठरवून, पंचांसमोर सामना करणे आपल्याला नवे नाही. माझ्या माहेरी आपल्याच समाजाची शेतकरी घरातली पोरे तालमीत जातात, अंगाला माती लावतात, आणि त्यांच्या आया त्यांना दूध-तूप घालून पाठवतात. तिथे हिंसा दिसत नाही, आणि गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बटण दाबले की दिसते?

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो काकूंनी घेतलाच नाही. तो अनर्थदंडाचा. प्रयोजन नसताना केलेले कृत्य, प्रमादात घालवलेला वेळ. हा आक्षेप मला टोचतो. लेक सुरुवातीला खेळत होती ते निव्वळ अनर्थदंडच होते. रात्री अकराला दार लावून, कानाला हेडफोन लावून, कुठल्या तरी अनोळखी माणसाशी इंटरनेटवरून खेळायची. हरली की लगेच दुसरा सामना, पुन्हा हरली की तिसरा. एकदा कंट्रोलर भिंतीवर आपटला. त्या खोलीत जे घडत होते ते बुक्क्यांमुळे नव्हते. क्रोध होता, तोही एकांतात वाढवलेला.

तेव्हा मीही बंदी घालणार होते. माझ्या भावाने अडवले. तो म्हणाला, “ताई, तिला माणसांत खेळू दे. तालमीत एकटा पैलवान कधी तयार झालाय का?”

म्हणून मी स्वतः तिच्याबरोबर गेले. कॉलेज रोडच्या एका गेमिंग कॅफेत रविवारी सोळा-सतरा जण जमतात. इंजिनिअरिंगची मुले, अंबडच्या कारखान्यात शिफ्ट करणारा एक जण, सिडकोतला एक रिक्षावाल्याचा मुलगा. (हा सगळ्यांत चांगला खेळतो.) मुलगी फक्त माझी. पद्धत अशी असते की एकदा हरले तरी बाहेर काढत नाहीत, खालच्या गटात टाकतात, आणि दुसऱ्यांदा हरले की मग घरी. पहिल्या दिवशी लेक दोन सामने खेळली, दोन्ही हरली आणि वीस मिनिटांत मोकळी झाली. रडकुंडीला आली होती. मी मनात म्हटले, बरे झाले, सुटले एकदाचे.

तेवढ्यात ज्याने तिला हरवले तोच मुलगा खुर्ची ओढून शेजारी बसला आणि म्हणाला, “दीदी, तुम्ही कुठे हरलात दाखवू?”

तो काय म्हणाला ते मला घरी येताना लेकीने समजावले, आणि मला त्यात इतका अर्थ दिसला की तुम्हालाही सांगते. लेक असुका नावाच्या गड्याने खेळते. असुकाची खासियत म्हणजे समोरच्याचा वार धरून त्याच्यावरच उलटवणे. लेकीला वाटे, हे एक जमले की झाले. दर वेळी ती आधीच हात पुढे करून वाराची वाट बघायची. समोरच्याने हे ओळखले होते. तो वार करायचाच नाही. थांबायचा, जवळ येऊन पकडून आपटायचा, नाहीतर पायाशी मारायचा, कारण पायाकडचा वार असा धरता येत नाही. “तुम्ही मला बघतच नव्हता, तुमच्याच आवडत्या चालीकडे बघत होता,” असे तो म्हणाला. इंटरनेटवरच्या शंभर अनोळखी माणसांनी तिला हरवले होते, पण त्यातल्या एकानेही असे सांगितले नव्हते.

मग सराव बदलला. हा खेळ सेकंदाला साठ चित्रांनी चालतो, त्यांना फ्रेम म्हणतात. सगळ्यांत जलद बुक्की दहा फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात पोचते. माणसाला डोळ्यांनी बघून हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे ती बुक्की बघून अडवता येतच नाही. समोरच्याची सवय ओळखूनच अडवावी लागते. उलट मोठे, जड वार सावकाश येतात. ते अडवले की मारणारा क्षणभर अडकून पडतो, आणि तेवढ्या वेळातच उत्तर द्यायचे असते. थोडे आधी दिले तर फुकट जाते, उशीर झाला तर त्याची पाळी येते. पोळी तव्यावर कधी उलटायची हे ज्या हाताला कळते त्याला हे कळेल. लेक आता आधी वीस मिनिटे नुसते अडवण्याचा सराव करते. यंत्राला सांगून ठेवते, कधी पोटावर मार, कधी पायावर, आणि स्वतः एकही वार न करता फक्त अडवत बसते. मला ते बघून सामायिकाला बसल्यावर उठणाऱ्या विचारांची आठवण होते. हसू नका, प्रत्येक विचाराला उत्तर देत बसले तर अठ्ठेचाळीस मिनिटे संपतात आणि समता कुठेच नसते.

स्पर्धेनंतर ती हरलेले सामने परत बघते. टेकन 8 मध्ये अशी सोय आहे की जुना सामना चालू असताना मध्येच थांबवून, ‘आता मी खेळते’ म्हणून त्याच क्षणापासून पुन्हा खेळून बघता येते. ती वहीत लिहिते: अमुक वेळी घाईने बटण दाबले, माझी पाळी नव्हती. चूक कुठे झाली ते आठवणे, कबूल करणे, पुन्हा करणार नाही म्हणणे. काकू, आपण याला काय म्हणतो? मी या वहीला प्रतिक्रमणाच्या जागी बसवत नाही, ते ती वेगळे करते. पण ही वही लिहायला लागल्यापासून तिचे प्रतिक्रमण तोंडपाठ पुटपुटणे राहिले नाही, हे मी रोज बघते आहे.

चौथ्या स्पर्धेत तिने पहिला सामना जिंकला. आठव्या स्पर्धेत तिसरी आली.

“नाशिकच्या एका कॅफेत सोळा पोरे जमून काय होणार?” असे आमच्या घरातही विचारून झाले. होते. लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशचे बघा. नाव लाहोरचे म्हणून नाक मुरडू नका, शिकण्यासारखे कुठूनही शिकावे. 2019 मध्ये तो जपानमधली ‘इव्हो जपान’ जिंकला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतली मोठी ‘इव्हो’ही. त्याआधी जगाने त्याचे नाव फारसे ऐकले नव्हते. व्हिसा आणि तिकिटांच्या अडचणीत धडपडत तो तिथवर पोचला होता. त्याने सांगितले की माझ्यासारखे खेळणारे घरी आणखी आहेत. लोकांना बढाई वाटली. पुढे कोरियाचा नामांकित खेळाडू ‘नी’ सरावासाठी पाकिस्तानात जाऊन आला. गल्लीतल्या खेळाच्या दुकानांत, शेजारी बसून, रोज त्याच पाच-दहा जणांशी खेळून ही मुले तयार झाली होती. आणि वयाचे म्हणाल तर हांगझोऊच्या आशियाई खेळांत, 2023 मध्ये, स्ट्रीट फायटरचे सुवर्ण जिंकणारा कोरियाचा किम ग्वान-वू 44 वर्षांचा होता. आपल्या देशाकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास तिथे खेळले. पदक आले नाही, पण छातीवर देशाचे नाव लावून गेले. 2022 च्या डिसेंबरात केंद्र सरकारनेही ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे.

मला लेकीला आशियाई खेळात पाठवायचे नाही. (तिला जायचे असेल तर तिचे ती बघेल, आधी एसवायचे पेपर.) सांगायचे एवढेच, की ज्याला तुम्ही टवाळ पोरांचा अड्डा म्हणता तिथे शिस्त असते, आणि ती शेजारी बसून हरल्याशिवाय येत नाही.

आता थोडे कडू बोलते. रागावलात तरी चालेल.

आपल्या सप्तव्यसनांत पहिले कोणते? द्यूत. मांस, मद्य त्याच्यानंतर येतात. आमच्या नात्यातल्या एका घरात मोबाइलवरच्या रमीत इतके पैसे गेले की सुनेच्या पाटल्या मोडल्या. कर्ज झाले ते वेगळेच. ते घर आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळे काढून मान्यता दिली. दिल्लीत बसलेल्यांना जो फरक कळला तो आपल्या मंडळाला कळू नये? त्या आधीच्या चार-पाच वर्षांत, घराघरांतले पुरुष रात्री क्रिकेटच्या टीमा लावून पैसे घालवत होते तेव्हा, आपल्या एकाही बैठकीत ‘यजमानांना नियम घ्यायला लावा’ असा ठराव आला नाही. दिवाळीत तीन पत्ती तर ‘शकुनाची’ असते. तेव्हा कुणाचा हात वर झाला नाही, कारण हात वर करायचा तो नवऱ्यासमोर करावा लागला असता. मुलांसमोर सोपे जाते, आणि मुलीसमोर तर फारच.

कारण काकूंच्या वाक्यात मला टोचला तो शब्द ‘मारामारी’ नव्हता. ‘मुलांबरोबर’ हा होता. हात वर केलेल्यांपैकी निदान चौघींचे मुलगे त्याच कॅफेत येतात, मी त्यांना पाणी दिले आहे. त्यांच्याविषयी चकार शब्द निघाला नाही. मुलगा खेळला तर ‘वय आहे’, मुलगी खेळली तर ‘स्थळ बघताना कळले तर काय म्हणतील’. मैत्रिणींनो, बाहुबली वर्षभर कायोत्सर्गात उभे होते, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान अडले होते. श्वेतांबर मैत्रिणी सांगतात त्या कथेत त्यांना हत्तीवरून खाली उतरायला सांगायला ब्राह्मी आणि सुंदरी आल्या. बहिणीच आल्या. मानाचा हत्ती कोणाच्या पायाखाली आहे हे बायकांना लवकर दिसते, असे मी तरी समजत होते.

माझ्या पायाखालीही होता, ते लपवत नाही. लेक तिसरी आली त्या दिवशी मी तिचा फोटो स्टेटसला टाकला, आणि दर पाच मिनिटांनी कोणी कोणी बघितला ते मोजत बसले. लेकीने माझ्या हातातून मोबाइल घेऊन ठेवून दिला.

आमच्या घरचे नियम सांगते, कुणाला उपयोग झाला तर. सामायिक झाल्याशिवाय कंट्रोलर नाही. पर्युषणात पूर्ण बंद. रागाने वस्तू आपटली तर आठ दिवस बंद, आणि हा नियम तिने स्वतः घेतला आहे, मी लादला नाही. रात्री नऊनंतर नाही. सामन्यावर पैज लावणारा कोणी असेल तर त्याच्याशी खेळायचे नाही. एकदा दोन मुलांनी पाचशेची पैज लावली तेव्हा ती उठून आली. स्पर्धेची फी जागेच्या भाड्याला जाते की आणखी कुठे, हे मी कॅफेवाल्याला आधीच विचारून घेतले.

सगळ्यांत मोठी अडचण जेवणाची होती. स्पर्धा दुपारी तीनला सुरू व्हायची. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि लेकीचा सामना नेमका तेव्हाच यायचा. दोनदा ती उपाशी खेळली. मग मी त्या मुलांनाच सांगितले की आमच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, सकाळी ठेवाल का? मला वाटले हसतील. अंबडच्या शिफ्टवाल्याने लगेच सांगितले की त्यालाही सकाळच बरी, रात्रपाळीआधी झोप मिळते. तेव्हापासून दहाला सुरू होते. मी डबा भरून देते, दशम्या, मुगाची कोरडी डाळ आणि कैरीचा छुंदा. पहिल्या दिवशी चार दशम्या दिल्या होत्या, आता सोळा देते. कांदा-बटाटा नसलेले इतके चांगले लागते हे त्यांना माहीत नव्हते म्हणे.

मीही एकदा खेळून पाहिले. सिडकोच्या त्या मुलाने मला सात सेकंदांत आडवे केले, आणि मग ‘काकू, मागचे बटण दाबून धरा, नुसते अडवा’ म्हणत तीन वेळा मुद्दाम सावकाश खेळला. चौथ्या वेळी मी त्याचा एक वार अडवला. अख्खा कॅफे ओरडला.

काकू, तुमचा नातू गेल्या वेळी पहिल्याच फेरीत बाहेर गेला आणि एकटाच कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता. लेक त्याच्याशी बोलली, तो पुन्हा येतो म्हणाला आहे. तुमची नात खेळते का ते मला माहीत नाही, पण तिला विचारा. या रविवारी दहाला आहे. येणार असाल तर शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, मला कणीक त्या अंदाजाने मळावी लागेल.